दाबलेली कळ

१

फोरमन सकाळी उठला की दात घासायच्या आधी पट्टा आवळायचा. उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ उतरली होती. डॉक्टरी भाषेत हर्निया. आतडं आपली जागा सोडून बाहेर डोकावतं. ते हाताने आत ढकलायचं आणि वरून रुंद पट्टा कसायचा, म्हणजे दिवसभर गप्प बसतं. फोरमनला यात वावगं काही वाटत नव्हतं. कारखान्यात त्याने माणसंसुद्धा अशीच जागेवर बसवली होती.

उभी हयात भट्टीवर गेली. नोकरी संपली तरी लोक त्याला फोरमनच म्हणायचे. वितळलेलं लोखंड साच्यात ओतताना एकदा थेंब उडाला आणि बूट जाळून डाव्या पायाची करंगळी घेऊन गेला. फोरमनने साचा भरून दिला, भांडं खाली ठेवलं आणि मग चालत दवाखान्यात गेला. ही गोष्ट सांगताना तो 'चालत' हा शब्द जरा लांबवायचा.

कण्हणाऱ्या माणसाची त्याला शिसारी होती. सर्दी झाली की मफलर गुंडाळून सहानुभूती गोळा करत हिंडणारा शेजारी, सुई पाहून तोंड फिरवणारे बाप्ये, दाढ दुखते म्हणून रजा मागणारे कामगार. या सगळ्यांना तो एकाच शब्दात मोडीत काढायचा. रडे. बायको गेली तेव्हा सांत्वनाला आलेले लोक त्याचा चेहरा पाहून आपणच ओशाळले आणि पाणीही न पिता परत गेले.

आता तो मुलीकडे राहत होता. मुलगी रोज त्याच पट्ट्यावरून विषय काढायची.

"बाबा, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. छोटंसं ऑपरेशन आहे."

"छोटं आहे तर राहू दे की."

जावई भूल देणारा डॉक्टर होता. या धंद्याबद्दल फोरमनचं मत घरात सगळ्यांना पाठ होतं. माणसाला झोपवायचं काम आया करतात, त्याला कॉलेज कशाला लागतं. जावई ऐकून घ्यायचा. शांत माणूस होता. फोरमनच्या लेखी हेसुद्धा एक व्यंगच.

पण त्या दिवशी जेवताना जावयाने नेमक्या जागी बोट ठेवलं.

"बाबा, तुम्हाला सुरीची भीती नाही. भुलीची आहे."

"कसली भीती?"

"भुलीत आपण ओरडलो तर, याची."

मुलीचा घास हातातच राहिला. फोरमन सावकाश चावत राहिला. बोलणं खोटं नव्हतं. आपलं तोंड परक्याच्या ताब्यात देऊन आडवं व्हायचं, आणि ते काय बरळलं हे आपल्यालाच ठाऊक नाही. याच्यापेक्षा गाठ बरी.

"आमच्याकडे एक मोजमाप चालतं," जावई म्हणाला. "किती औषध दिलं की माणूस किती गुंगतो आणि दुखणं किती कळतं, ते बघतो. तुम्ही एकदा बसा. चिरफाड नाही, काही नाही. हाताला जरा चटका. तुम्ही ओरडत नाही हे कळलं की मग ऑपरेशनचं बोलू."

"आणि ओरडलो तर?"

"तर तसं सांगेन."

"खरं?"

"खरं सांगेन. तुमचे आकडे आमच्या कामात मात्र धरता येणार नाहीत. घरचा माणूस चालत नाही."

"म्हणजे नुसतंच भाजणार," फोरमन म्हणाला. "चला."

२

दवाखान्याच्या तळमजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला ती खोली होती. बाहेर बाकावर कॉलेजातली पोरं आपली पाळी येण्याची वाट बघत होती. एकजण हातावरच्या लाल डागाचा मोबाइलवर फोटो काढत होता. तो डाग डास चावल्याएवढासुद्धा नव्हता. फोरमनने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने बाही खाली ओढली.

खोली पूर्वी गाद्या-चादरी ठेवायची असावी. खिडकी नाही. मध्ये न्हाव्याकडे असते तशी मागे कलणारी रेक्झिनची खुर्ची. तिच्याभोवती कड्यांवर सरकणारा हिरवा पडदा, जमिनीपासून वीतभर वर. बाजूला औषध ढकलणारा पंप, काचेवर रेघा दाखवणारं एक यंत्र, आणि आकडे टिपणारी एक तरुण मुलगी. फोरमनने तिचं नाव ठेवलं, आकडेवाली.

"आजोबा, डावा बूट आणि मोजा काढा. पायाच्या बोटाला चिमटा लावायचाय. हात मोकळे लागतात आम्हाला."

तिची नजर करंगळीच्या जागेवर गेली. तिथे नुसतं गुळगुळीत, चकचकीत कातडं होतं. फोरमन वाट बघत होता, पण तिने विचारलं नाही. गोष्ट सांगायची संधी गेली.

तिने त्याच्या डाव्या हातावर काडेपेटीएवढी धातूची पट्टी बांधली आणि उजव्या मुठीत वायरवर लोंबणारं एक बटण दिलं.

"आधी औषधाशिवाय बघू. पट्टी हळूहळू तापेल. कळ आली की दाबा. लगेच बंद होईल."

पट्टी तापली. कोमट झाली, गरम झाली, मग चावायला लागली. फोरमनने समोरच्या भिंतीवरच्या एका खिळ्यावर नजर लावली. हे तो जन्मभर करत आला होता. दुखण्याला खाली, पोटाच्याही खाली, एका जागी रेटायचं आणि वरून पाय देऊन उभं राहायचं. पट्टी शेवटी आपली आपणच खट्कन बंद पडली. ठरलेल्या आकड्यापुढे तिला तापू देत नसत.

"आजोबा, दाबली नाहीत?"

"दाबली."

"इथे आली नाही. वायर सैल आहे का बघते."

"वायर कशाला? तू म्हणालीस, कळ आली की दाबा. आली, दाबली."

जावई मागे उभा होता. त्याने कपाळाला हात लावला. "बाबा, बटण दाबायचं होतं."

"मग बटण म्हणावं. आमच्याकडे बटणालाही कळ म्हणत, दुखण्यालाही कळ म्हणत. दुखण्याची दाबायची, एवढं शिकलोय."

आकडेवाली हसली. जावई हसला नाही. तो सासऱ्याच्या हातावरचा चौकोनी लाल डाग बघत होता.

"शून्य ते दहा, किती दुखलं म्हणाल?"

"दुखलं नाही."

"मग शून्य म्हणा."

"आकडा दुखणाऱ्याने सांगावा. मी कशाला सांगू?"

३

मग औषध.

शिरेतून थंडगार काहीतरी कोपरापर्यंत चढलं. "आजोबा, कळतंय का?" आकडेवाली विचारत होती. आधी साध्या आवाजात विचारायचं, मग मोठ्याने, मग खांदा थोपटून. त्यावरून गुंगी मोजतात. फोरमन म्हणाला, कळतंय. बटण घट्ट धरलं, पण अंगठा बाजूला ठेवला. दातावर दात दाबले. पडद्याच्या एका कडीवर नजर रोवली.

आकडेवाली त्याच्या हातावरची पट्टी सोडवत होती.

"कधी सुरू करताय?" फोरमनने विचारलं.

"झालं, आजोबा."

मध्ये काहीच नव्हतं. झोप नाही, स्वप्न नाही. सुतळी कापून टोकं जोडावीत तशी वेळ जोडली होती.

"ओरडलो का?"

जावई यंत्राकडे बघत होता. "नाही."

"बघा," फोरमन म्हणाला. आणि आपलाच आवाज ऐकून थबकला. घसा खरखरीत झाला होता. भट्टीच्या घरघरीवर मात करत पाळीभर हुकूम सोडले की व्हायचा, तसा. बोलला तर इन-मीन दहा वाक्यं होता.

तो उठला. मान टेकायच्या जागी रेक्झिन ओलं होतं, दोन्ही बाजूंना. घाम असेल. खोलीत गरम होतं. तसं फारसं नव्हतं म्हणा. मग त्याने उजवा हात उघडला. अंगठ्याच्या पेरात बटणाचं गोल कडं खोलवर उठलं होतं, इतकं की कातडी पांढरी पडली होती.

त्याने बटण दाबलं नव्हतं. दाबलं असतं तर लक्षात राहिलं असतं.

आकडेवालीने न मागता पाणी आणून दिलं. त्याच्याकडे बघेना. पेला परत घेताना मात्र हळूच म्हणाली, "आजोबा, तो कोण?"

"कोण तो?"

जावयाने तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती पेला घेऊन निघून गेली.

बाहेरची पोरं बाकावर नीट, गप्प बसली होती. आता कोणी फोटो काढत नव्हतं. फोरमन गेला तशी ती एकेक करून पाय आखडून घेत होती, वाट द्यावी तशी. त्याला ते आवडलं. घरी पोहोचेपर्यंत त्याच्या डोक्यात आलं नाही की दार पातळ आहे.

४

त्या दिवसापासून त्याला बरं वाटू लागलं.

पट्टा काचेना. गुडघे कुरकुरेनात. पावसाळी हवेत पायाची नसलेली करंगळी ठणकायची, ही गोष्ट त्याने कुणाला कधी सांगितली नव्हती, तीही थांबली. फोरमनने मनातल्या मनात सगळं श्रेय स्वतःला दिलं. एक चटका, आणि अंग सुतासारखं सरळ. बाकीच्यांना हेच हवं असतं, कोणी देत नाही म्हणून माजतात.

चौथ्या-पाचव्या दिवशी तो ओट्यापाशी उभा राहून चहा गाळत होता. मुलगी आत आली आणि दारातच थांबली.

"बाबा, पकड कुठाय?"

"काय करायचीय पकड?"

त्याने पातेलं दोन्ही तळव्यांनी उघड्या कडांना धरलं होतं. मुलगी पुढे झाली, फडक्याने पातेलं काढून घेतलं. ते सहज निघालं नाही. कडांना काहीतरी चिकटून राहिलं होतं. मग तिने त्याचे तळवे उलटे करून बघितले आणि खाली बसली.

फोरमननेही बघितले. फोड चांगले फुगले होते. परक्याच्या हाताकडे बघावं तसा तो बघत राहिला.

संध्याकाळी जावई मलम लावत होता.

"खरं सांगेन म्हणाला होतात," फोरमन म्हणाला.

"सांगणारच होतो. वेळ बघून."

"जावईबापू, वेळ मी बघितली. सांगा."

जावयाने मलमपट्टीची गाठ मारली, कात्री डब्यात ठेवली, डबा बंद केला.

"गुंगी चढली तसं तुम्ही विचारलंत, 'गेला का तो?' अगदी हळू. मला वाटलं, पूर्वीचं कोणी आठवलं असेल. समजूत घालायची म्हणून मी म्हणालो, गेले. तुम्ही विचारलंत, 'नक्की?' म्हणालो, नक्की. मग तुम्ही रडायला लागलात."

"चटक्याने?"

"पट्टी आम्ही केव्हाच बंद केली होती, बाबा. बटण सोडत नव्हता तुम्ही. एकसारखं दाबत होता. हाताचं दुखणं नव्हतंच ते. आधी, आई गेल्या तेव्हाचं. मग करंगळी म्हणत होता. सगळं उलट्या क्रमाने निघत होतं. शेवटी शेवटी तर लहान पोराच्या आवाजात..."

"पुरे."

स्वयंपाकघरात नळ चालू होता. मुलगी ऐकत होती, हे नळावरून कळत होतं. भांडं नसताना नुसतंच पाणी पडत होतं.

"तो मी नव्हतो," फोरमन म्हणाला.

"आवाज तुमचा होता."

"असेल. आवाज कोणीही चोरतो. असला रड्या मी कारखान्याच्या फाटकात उभा केला नसता."

५

दुसऱ्या दिवशी जावई त्याला पुन्हा त्या खोलीत घेऊन गेला. औषध नाही, नुसती तपासणी. टाचणी टोचून झाली, बर्फ लावून झाला. मग पट्टी बांधली. ती तापत तापत गेली आणि खट्कन बंद पडली.

"किती?" जावयाने विचारलं.

"शून्य," फोरमन म्हणाला. हा आकडा त्याने स्वखुशीने सांगितला. आज खिळ्यावर नजर लावायची गरज पडली नव्हती. दाबायला काही नव्हतंच. खाली, जिथे तो सगळं रेटायचा, तिथे आता रिकामं होतं.

जावयाचा चेहरा उतरला होता. "औषध त्याच दिवशी उतरलं, बाबा. हे असं व्हायला नको."

"कमाल आहे तुमची. माणसाला दुखू नये म्हणून जन्म घालवता, आणि एकाचं खरंच थांबलं तर सुतकी तोंड करता."

"दुखणं ही खबर असते. उद्या तुमचं आतडं अडकलं तर ते कोण सांगणार?"

"मी सांगेन."

"तुम्ही तर कधीच सांगितलं नाहीत."

फोरमन बूट घालायला बाहेर बाकावर येऊन बसला. जावई वरच्या मजल्यावर नसांच्या डॉक्टरला बोलवायला गेला. आकडेवाली खोलीतला दिवा घालवून, दार लोटून, डबा खायला गेली. दुपारची वेळ. बोळात दोन्हीकडे कोणी नाही. लांबवर कुठेतरी ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत होतं, तेही थांबलं.

मलमपट्टीच्या हातांनी नाडी बांधणं जिकिरीचं होतं. उजव्या बुटाची बांधून झाली. डाव्याची घेतली, तेव्हा आवाज आला.

रडणंच, पण तोंडावर हात दाबून केलेलं. उं, उं. बाहेर कोणाला ऐकू जाऊ नये आणि कोणीतरी ऐकावंही, असं. फोरमनच्या कपाळावर आठी चढली. असलं चोरटं रडणं तर त्याला सगळ्यात नावडतं. रडायचं तर बाजारात बसून रडावं.

मग त्याच्या लक्षात आलं, आवाज खोलीतून येतोय. खोलीला दार एकच, आणि त्या दारासमोर तो बसला होता.

मोबाइल राहिला असेल कोणाचा. यंत्रात टिपून ठेवलं असेल, तेच लागलं असेल. आजकाल सगळं टिपतात. हे पटण्यासारखं होतं आणि फोरमनला पटलंही. तरी तो उठला आणि दार ढकललं.

बोळातला उजेड जमिनीवर पट्ट्यासारखा पडला. खुर्चीभोवतीचा पडदा बंद होता. मघाशी उघडा होता. आकडेवालीने ओढला असेल. उजेड पडद्याखालच्या वीतभर फटीपर्यंत गेला, आणि तिथे खुर्चीच्या खालच्या टोकावरून लोंबणारं एक पाऊल दिसलं. डावं. उघडं. अंगठ्याशेजारच्या बोटाला चिमटा. पलीकडच्या कडेला, जिथे करंगळी असते, तिथे गुळगुळीत, चकचकीत कातडं.

फोरमनने खाली आपल्या पायांकडे बघितलं. दोन बूट होते. उजव्याची नाडी बांधलेली, डाव्याची मोकळी. डाव्या बुटात पाय आहे की नाही, हे त्याला कळेना. त्याने बोटं हलवून बघितली. हलली असतील. कळेना.

आवाज थांबला. आतल्याने कानोसा घेतला असावा.

"गेला का तो?"

हळू विचारलं होतं. फोरमनची चाहूल घेत फाटकापाशी खुसफुसणारे कामगार विचारायचे तसं. फोरमनला तो सूर चांगला ठाऊक होता. त्या एका सुरावर त्याने तीस वर्षं कारखाना चालवला होता. त्याला राग आला. आपल्याच पायाचं असलं नेभळट कोणी असावं, याचा.

"गप्प बस," तो म्हणाला.

पाऊल झटकन वर ओढलं गेलं. पडद्याच्या कड्या एकदा किणकिणल्या, आणि मग खोलीत काहीच उरलं नाही.

फोरमन पुढे गेला आणि त्याने पडदा बाजूला केला. खुर्ची रिकामी होती. रेक्झिनमध्ये मात्र बसणाऱ्याचा खोलगट ठसा होता, आणि तो त्याच्या डोळ्यांदेखत हळूहळू फुगत वर येत होता. मान टेकायची जागा ओली होती. त्याने हात लावून बघितला. गरम की गार, तेही समजलं नाही.

जावई परत आला तेव्हा फोरमन बाकावर बसला होता, दोन्ही नाड्या बांधून. डाव्या बुटाची इतकी करकचून की बुटाचं चामडं दुमडलं होतं.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. तुमच्या खोलीला कुलूप लावत जा. कोणीही येऊन बसतं."

६

नसांच्या डॉक्टरला काही सापडलं नाही. ऑपरेशनला फोरमन नाही म्हणाला. शून्य दुखणाऱ्याचं ऑपरेशन करायचं ही कुठली अक्कल. मुलीने अबोला धरला, तोही त्याला टोचला नाही.

पट्टा मात्र तो आता जास्तच कसू लागला. किती कसायचा हे पूर्वी काचण्यावरून कळायचं. आता शेवटच्या भोकापर्यंत जायचा, आणि मग घरच्या टोच्याने पुढे आणखी एक भोक पाडायचा.

एका दुपारी जेवण उलटलं. मग पाणी उलटलं. मुलीने अबोला सोडून त्याच्या पोटावर हात ठेवला. पोट पाट्यासारखं कडक झालं होतं. तोंडावर राखेचा रंग आला होता. आणि फोरमन उशीला टेकून, वर्तमानपत्र मागत होता.

"बाबा, दुखतंय का?"

"नाही." खरंच दुखत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा हे उत्तर खरं होतं.

दवाखान्यात सर्जनने पोट दाबून बघितलं. तरुण होता, घाईत होता, बोटांवर विश्वास असलेला.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

सर्जन जावयाकडे वळला. "आतडं अडकलेला माणूस असा पडून राहत नाही. घर डोक्यावर घेतो. वयही आहे. उगाच उघडायचं कशाला? फोटो काढू, रात्रभर बघू."

"रात्र काढणार नाहीत ते," जावई म्हणाला. "मला माहीत आहे. बाबा, सांगा त्यांना. कुठे आहे ते सांगा."

फोरमनने प्रामाणिकपणे शोधलं. पोटाच्या खाली, जिथे त्याने सगळं रेटून ठेवलं होतं, तिथवर गेला. तिथे कोणी नव्हतं.

"दुखत नाही तर काय सांगू?"

फोटो काढायला न्यायचा रस्ता त्याच बोळातून होता. ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत होतं. खोलीच्या दाराला आता कुलूप होतं, आणि त्या कुलपाच्या आड कोणीतरी ओरडत होतं. तोंडावर हात न ठेवता. दम संपेपर्यंत, मग दम घेऊन पुन्हा.

"कोण रडतंय ते?" फोरमन म्हणाला.

"कुठे, आजोबा?" ट्रॉली ढकलणारा म्हणाला.

पण मुलगी थांबली होती. तिने मान वळवून बंद दाराकडे बघितलं. मग बापाच्या तोंडाकडे बघितलं. तोंड मिटलेलं होतं. ती पुन्हा दाराकडे बघत राहिली, आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या पोटाकडे गेला, उजव्या बाजूला, खाली.

त्या हाताकडे बघून फोरमनच्या मनात काय आलं कोण जाणे. गप्प बस, एवढं म्हटलं असतं तर आतला गप्प बसला असता. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शब्द जिभेवर आला होता. पण तो गप्प बसला तर मग सांगायला कोणीच उरणार नव्हतं.

"जावईबापू," तो म्हणाला. "उघडा ती खोली. तुमचं ते औषध द्या."

"बाबा?"

"मला काही कळत नाही. त्या रड्याला विचारा. त्याला कळतं."

जावयाने सर्जनला हाक मारली. कुलूप निघालं तसं ओरडणं थांबलं. खुर्ची भिंतीकडे सरकवून ट्रॉली तिच्या जागी लावली. आकडेवालीने हिरवा पडदा ओढला आणि ती, का कोण जाणे, पडद्याच्या बाहेर जाऊन उभी राहिली. जावयाने थोडंसंच औषध भरलं. ते थंडगार कोपरापर्यंत चढलं, हेही फोरमनला कळलं नाही. नुसतं दिसलं.

"बाबा, कळतंय का?"

"नाही," फोरमन म्हणाला.

मग त्याला पावलं ऐकू आली. उघड्या पायांची, फरशीवरून, खोलीच्याच कोपऱ्यातून. डावं जरासं फरफटत होतं. तशी चाल फोरमनची बुटाविना असायची, आणि ती त्याने बायकोखेरीज कोणाला दाखवली नव्हती. पावलं ट्रॉलीपाशी आली. दबकत, एकेक. कोणीतरी त्याच्या अंगावरून वाकून बघत होतं, जागा आहे का म्हणून.

कड्या किणकिणल्या. आणि फोरमन पडद्याच्या बाहेर होता. बोळातल्या उजेडात उभं राहून तो पडद्याखालच्या वीतभर फटीकडे बघत होता. जावयाचे बूट दिसत होते, सर्जनचे बूट, मुलीच्या चपला. सगळे एकाच बाजूला, जवळ जवळ. त्याच्याकडे कोणाच्या पावलाचं टोकसुद्धा वळलेलं नव्हतं.

आतून हळू आवाज आला.

"गेला का तो?"

त्याला गप्प बस म्हणायचं होतं. पण तोंड आत राहिलं होतं.

"गेले, बाबा," जावई म्हणाला. "आता बोला. कुठे दुखतंय?"